अनाथ व निराधार बालकांचे संगोपन : कोल्हापूरची परंपरा आणि समाजाची जबाबदारी

प्रस्तावना :

राजर्षी शाहू महाराजांना बालपणीच मातृवियोग झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८८६ मध्ये त्यांचे जनक पिताही निवर्तले. पोरकेपण अनुभवलेल्या या राजाच्या नगरीत पुढे वसतिगृहांची चळवळ बहरली. या परंपरेच्या संदर्भात आजच्या बालसंरक्षण व्यवस्थेतील समाजाचे स्थान स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसतिगृहांचा वारसा :

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. ही वसतिगृहे अनाथालये नव्हती. तथापि त्यांची कार्यपद्धती आजही मार्गदर्शक आहे. दरबाराने आश्रय दिला आणि समाजाने देणग्या व व्यवस्थापनाचा भार उचलला. केवळ राजाश्रयावर किंवा केवळ दानावर ही चळवळ उभी नव्हती.

कायद्याची भूमिका :

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार आई-वडील वा कायदेशीर पालक नसलेले बालक तर अनाथ ठरतेच. शिवाय पालक सांभाळण्यास असमर्थ वा अनिच्छुक असल्यासही ते अनाथ मानले जाते. संस्थेत ठेवणे हा अंतिम पर्याय असावा, हे या कायद्याचे तत्त्व होय. म्हणूनच नातेवाइकांकडे वाढणाऱ्या बालकांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना राबविली जाते. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. बालकाविषयीचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बालसंरक्षण समिती अपेक्षित आहे.

उणीव कोठे आहे ?

वडील वारले, आई परागंदा झाली आणि मूल आजीकडे राहिले, तर गावाच्या दृष्टीने त्याची 'सोय झाली'. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड व बँक खाते यांची जुळवाजुळव वृद्ध आजीला झेपत नाही. परिणामी हक्काचे अनुदान कागदांअभावी अडते. ऊसतोड व वीटभट्टी कामगारांच्या मुलांची स्थिती याहून बिकट असते. हंगामापुरते आलेले मूल मूळ गावात नसते आणि कामाच्या गावात कोणाचेच नसते. त्यामुळे दोन्ही गावांच्या नोंदींतून ते निसटण्याचा धोका असतो.

महाविद्यालयांचे कार्य :

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात वृक्षारोपणाबरोबरच अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने अशा बालकांची नोंद घेता येईल. अर्ज भरून देणे, तालुक्याच्या ठिकाणी सोबत जाणे आणि शिबिरानंतरही पाठपुरावा करणे ही कामे विद्यार्थी करू शकतात. कोणताही जागरूक नागरिक गरजू बालकास बालकल्याण समितीपुढे आणू शकतो, तसेच १०९८ या क्रमांकावर कळवू शकतो. मात्र बालकाची ओळख गोपनीय राखणे अनिवार्य आहे. वह्यावाटपाची छायाचित्रे प्रसिद्ध करून बालकाच्या दैन्याचे प्रदर्शन मांडणे म्हणजे सेवा नव्हे.

समारोप :

सारांश, कायदा आहे, योजना आहे आणि अनुदानही आहे. उणीव आहे ती बालकाचे घर आणि शासकीय कार्यालय यांमधील अंतर त्याच्यासोबत चालणाऱ्या माणसाची. शतकापूर्वी करवीरच्या समाजाने दूरच्या खेड्यांतील मुलांसाठी शहरात वसतिगृहे उभारली. आज त्याच समाजाने मुलाच्या स्वतःच्या गावात त्याच्या पाठीशी उभे राहणे, हाच त्या वारशाचा खरा विस्तार ठरेल.