केमोनंतरची किडनी : ‘नॉर्मल’ रिपोर्टमधली निम्मी घट

सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेणाऱ्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाच्या किडनीला इजा होते. मॅग्नेशियम वेगळे दिले नाही, तर ४० ते ९० टक्के रुग्णांच्या रक्तातील मॅग्नेशियम घटते.

तरीही अमेरिकेत १९७८मध्ये मंजूर झालेले हे औषध आजही वापरात आहे. त्याचे कारण मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील ३०० रुग्णांच्या चाचणीत दिसते. डोके-मानेच्या कर्करोगावरील या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये छापून आले. दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५८.५ टक्क्यांचा आजार दोन वर्षांनी मूळ जागी आणि मानेत आटोक्यात होता. दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण ७३.१ टक्के होते. मात्र गंभीर तात्कालिक दुष्परिणामही ७१.६ वरून ८४.६ टक्क्यांवर गेले. औषध टाळता येत नाही, म्हणून नजर ठेवणे भाग आहे.

किडनी दिवसाला सुमारे २,४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम गाळते आणि ९५ टक्के परत शोषते. म्हणजे लघवीतून १२० मिलिग्रॅम जाते. औषधाने किडनीतील नलिकांना इजा होऊन हे शोषण ९० टक्क्यांवर आले, तर गळती २४० मिलिग्रॅम होते. शोषणात पाच टक्क्यांचा फरक, गळती दुप्पट. ती केमो संपल्यावर महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालू राहते.

रिपोर्टमध्ये ती सहज दिसत नाही. नेहमीच्या ‘इलेक्ट्रोलाइट्स’ तपासणीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असते. मॅग्नेशियम वेगळे लिहून द्यावे लागते. शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहून कमी रक्तद्रवात असते, त्यामुळे रक्तातला आकडा ठीक असूनही साठा आटलेला असू शकतो. पोटॅशियम देऊनही वाढत नसेल, तर आधी मॅग्नेशियम पाहावे. ते भरून निघेपर्यंत पोटॅशियम लघवीवाटे जात राहते.

क्रिएटिनिनचे, म्हणजे स्नायूंत तयार होऊन किडनीतून गाळल्या जाणाऱ्या टाकाऊ पदार्थाचे, गणित याहून फसवे आहे. केमोआधी ०.६ आणि नंतर १.२ आले, तर पुरुषांसाठी दोन्ही आकडे अनेक लॅबच्या मर्यादेत बसतात. पण क्रिएटिनिन दुप्पट होणे म्हणजे गाळण्याची क्षमता ढोबळमानाने निम्मी होणे. त्यात उपचारांत स्नायू झिजले असतील, तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते आणि खरी घट आणखी झाकली जाते.

वृषणाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात २० वर्षांनंतरही सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमचा अंश सापडला आहे. म्हणून पहिल्या केमोआधीचा रिपोर्ट जपून ठेवावा. पुढचा प्रत्येक आकडा लॅबच्या मर्यादेशी नव्हे, त्या कागदाशी ताडायचा आहे.