मुनेरबींची गाणी

मागच्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गावर माझा मराठीचा तास चालू होता आणि शेवटच्या बाकावरून टकटक येत होती. एक मुलगा बोटांनी बाक वाजवत होता. मी जवळ गेले तर त्याने वही झाकली. वहीच्या मागच्या पानावर गाणं लिहिलेलं होतं. निम्मं उर्दूत, निम्मं मराठीत, मध्येच आपल्या घरच्या बोलीत. त्याचे अब्बा खामगावच्या बाजारात हमाली करतात. त्यांच्या पाठीवरच्या पोत्याचं ते गाणं होतं. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, पण ओळ कुठे संपवायची हे पोराला बरोबर कळलेलं. मी ओरडेन असं त्याला वाटलं असावं. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर हळूच विचारतो, "मॅडम, गाना लिखने की क्लास कहाँ लगती?"

आपल्या जिल्ह्यात आता प्रत्येक गोष्टीचा क्लास आहे. नवोदयचा आहे, नीटचा आहे, सुंदर हस्ताक्षराचाही आहे. गाणं लिहिण्याचा क्लास मला काही माहीत नव्हता. "उद्या सांगते" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला व सगळ्या वर्गाला मेहबूब हुसेन पटेल यांची हकीकत सांगितली. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल? वर्गात तर एकानेही ऐकलं नव्हतं. शाहीर अमर शेख म्हटल्यावर दोन हात वर आले, तेही अण्णा भाऊ साठे यांच्या धड्यासोबत हे नाव कानावर पडलं होतं म्हणून.

मेहबूब यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला झाला. घर गरिबीचं. आईचं नाव मुनेरबी. मुनेरबींजवळ लोकगीतांचा मोठा साठा होता, आणि मुलाला गाण्याचं बाळकडू मिळालं ते त्यांच्याकडूनच. पुढे ज्याच्या आवाजाने मैदानंच्या मैदानं भरून गेली, त्याचा पहिला उस्ताद म्हणजे घरात काम करता करता गाणारी एक गरीब मुसलमान आई.

इथे मला माझी दादी आठवते. मेहकरच्या बाजूचं आमचं गाव. घरात बोलणं सगळं दखनी वळणाच्या उर्दूत, पण दादी जात्यावर बसली की ओवी मराठीत गायची. लहानपणी मला याचं नवल वाटे. पुढे लक्षात आलं की दळायला समोर शेजारची मराठा बाई बसायची. एका खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची. मुठीने वैरण घालताना सूर जरा थांबायचा आणि पाळू पुन्हा फिरू लागली की ओवी पुढे निघायची. शेजारीण पंढरपूर गायची, तर दादी त्याच चालीत अजमेर घालायची, सैलानी बाबा घालायची, आणि माहेरचा भाऊ दोघींच्याही ओवीत असायचा. दादीला अलिफ येत नव्हता आणि अही येत नव्हता. तरी ओवीत अक्षरं किती मावतात आणि श्वास कुठे घ्यायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या आहेत. आमच्या गावच्या ओव्या मात्र कुणी लिहून घेतल्या नाहीत. आम्हीही नाही.

असो. मेहबूबना आईकडून गाणं मिळालं, पण पोट भरायला पडेल ते काम करावं लागलं. त्यांनी पाणक्या म्हणून पाणी वाहिलं, मोटारीवर क्लीनरचं काम केलं आणि मग गिरणीत लागले. बार्शी ही व्यापारपेठ. 1897 पासून तिथे अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावत होती, आणि गावात कापडगिरण्या होत्या. गिरणीतल्या संपात ते पुढे होते, म्हणून तुरुंगात गेले. विसापूरच्या त्या तुरुंगात त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी ओळख झाली आणि आयुष्याची वाट बदलली. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काही दिवस काम केलं. तिथेच मेहबूब पटेल यांचे अमर शेख झाले. मला या नावाचं फार कौतुक वाटतं. 'अमर' शेजारच्या घरातलं, 'शेख' आपल्या घरातलं, आणि दोन्ही मिळून एका माणसाचं नाव.

1944 साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ मातंग समाजातले, गाव वाटेगाव. त्यांच्याजवळ तमाशाच्या फडाची लय होती. अमर शेखांजवळ आईची गाणी होती आणि पहाडी आवाज होता. कामगारांच्या चाळी, शेतकऱ्यांच्या सभा, गोव्याच्या मुक्तीचा लढा, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन, सगळीकडे डफ घेऊन ही मंडळी गेली. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अण्णा भाऊंची, पण ती लोकांच्या ओठांवर बसवली अमर शेखांच्या गळ्याने. 1 मे 1960 ला मराठी माणसाला आपलं राज्य मिळालं. त्यासाठी सभा पेटवणाऱ्या आवाजांत एक आवाज बार्शीच्या मुसलमानाचा होता, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. कुणी वाकडं विचारलं तर उत्तर म्हणून नव्हे, आपल्या घरातली गोष्ट म्हणून.

ते नुसते गात नव्हते, लिहीतही होते. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक 1951 सालचं. 'कलश' हा कवितासंग्रह 1958 चा, 'धरतीमाता' 1963 चा. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी. उपमा मोठी आहे, पण मला स्वतःला ती जरा दूरची वाटते. अमर शेखांचं मूळ जवळ शोधायला हवं. पेशवाईच्या काळात जेजुरीचा सगनभाऊ, जातीने शिकलगार मुसलमान, मराठी लावण्या रचून गाजला होता. त्याच्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मराठीत रचणं आपल्याला परकं कधीच नव्हतं.

18 जुलै 1969 ला अण्णा भाऊ गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचाही इंतकाल झाला. वय अवघं बावन्न. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या.

मग आपल्या घरांत हे नाव का घेतलं जात नाही? लाल बावटा हे एक कारण. दुसरं कारण मला त्याच आठवड्यात भेटायला आलं. एका मुलीचे अब्बा शाळेत आले. माणूस भला, नमाजी. म्हणाले, "मॅडम, बच्चों को गाने में मत लगाव." त्यांची चिंता मला समजते. मोबाइलमधून घरात काय काय शिरतं ते मीही पाहते. गाण्याबजावण्याबद्दल आलिमांची मतं आहेत, त्यावर बोलण्याची माझी योग्यता नाही. मी एवढंच विचारलं, "भाईजान, तुमच्या अम्मी तुम्हाला झोपवताना काय म्हणायच्या?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खिडकीकडे पाहत दोन ओळी पुटपुटले. मराठी होत्या. "पुढचं आठवत नाही," म्हणाले, आणि सलाम करून निघून गेले.

त्यानंतर मी वर्गाला गृहपाठ दिला. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, जात्यावर, पाळण्यापाशी, हळदीला काय गात होतात, आणि ऐकाल तसं लिहून आणा. एकतीस मुलांपैकी नऊ जणांनी आणलं. बाकीच्यांच्या घरी "क्या करना अब वो" असं उत्तर मिळालं. नऊपैकी सहा गाणी मराठी होती, आणि त्यांतल्या दोन ओव्या अगदी माझ्या दादीच्या चालीच्या. बाक वाजवणाऱ्या मुलाने नानीची चार ओळींची ओवी आणली होती. तिच्या खाली त्याने आपल्या अब्बांच्या पोत्याच्या दोन ओळी जोडल्या होत्या, त्याच मापाच्या. हे माप त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मीही घरी जाऊन अम्मीला विचारलं. दादीच्या समोर बसून तिने कितीतरी वर्षं दळलेलं आहे. अम्मी आठवू लागली. शब्द काही येईनात. चाल मात्र आली, आणि पलंगावर बसल्या बसल्या तिचा उजवा हात हवेत गोल फिरू लागला. मी वही उघडून बसले. त्या दिवशी दीड ओळ मिळाली. रविवारी पुन्हा बसणार आहोत.