औषध-संशोधन आणि पदवीची निवड

“मला नवी औषधे शोधायची आहेत, कोणती पदवी घेऊ?” बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न कित्येक घरांत निघतो, आणि उत्तर देणारेही तयारच असतात: “औषध म्हणजे फार्मसी!” उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. का, ते एका औषधाच्या कुळकथेवरून पाहू.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले. फ्लेमिंग होते डॉक्टर आणि जंतुशास्त्रज्ञ. बुरशीतल्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले; पण ते शुद्ध होऊन हाती येईना. सुमारे बारा वर्षांनी ऑक्सफर्डला ते साधले. तिथे हॉवर्ड फ्लोरी हे विकृतिशास्त्रज्ञ होते आणि अर्न्स्ट चेन जीवरसायनशास्त्रज्ञ. पेनिसिलिनच्या रेणूची रचना १९४५ मध्ये उलगडली ती डोरोथी हॉजकिन यांनी. त्यांची पदवी रसायनशास्त्राची. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढण्याचे काम अमेरिकेत रासायनिक अभियंत्यांनी बसवले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पुढे हेच औषध तयार होऊ लागले.

पाहिलेत ना? औषध एक, पण त्याला हात लागले ते निरनिराळ्या विद्यांचे. म्हणून “औषधाची पदवी कोणती?” असे विचारण्याऐवजी “या वाटचालीतला कोणता टप्पा मला आवडेल?” असे स्वतःलाच विचारा.

नवा रेणू घडवावा, एक अणू बदलला तर काय होते ते पाहावे, अशी हौस असेल तर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा आणि पुढे सेंद्रिय रसायनात एम्.एस्सी. जंतू कसा जगतो, पेशीत बिघाड कुठे होतो, याचे कुतूहल असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र. आणि औषध शरीरात गेल्यावर काय करते, ते गोळीतून द्यावे की सुईतून, याचा विचार करायला आवडत असेल, तर बी. फार्म. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. पहिले पेनिसिलिन पोटातल्या आम्लाने नासून जाई, म्हणून ते टोचावे लागे. आम्लात टिकणारा प्रकार हाती आला तेव्हा कुठे रोग्याला गोळी मिळाली.

आता थोडे व्यवहाराचे. बी. फार्म. चार वर्षांचे. त्यानंतर राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करून औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात काम करता येते. घरची जबाबदारी लवकर अंगावर येणार असेल, तर हा आधार लहान नव्हे. बी.एस्सी.वाल्याला ही नोंदणी मिळत नाही आणि एम्. फार्म.चे दारही उघडत नाही. कारण त्याला बी. फार्म. लागते. उलट, बी. फार्म. झालेल्याला रसायनशास्त्राच्या एम्.एस्सी.ला प्रवेश मिळेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी त्या विषयाची बी.एस्सी. मागतात. तेव्हा आज निवडलेली वाट उद्या बदलणे सोपे नसते, हे आधीच घरात बसून बोलून घ्या.

आणखी एक गोष्ट मुलांना व पालकांना स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या पहिल्या पदवीवर कारखान्यात माल तपासण्याचे किंवा विक्रीचे काम मिळते. स्वतंत्र संशोधन सहसा मिळत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएच्.डी. हवी, म्हणजे पदवीनंतर आणखी सहा-सात वर्षे. याला अपवाद आहेत. गर्ट्रूड एलियन यांनी पीएच्.डी. पुरी न करता औषधे शोधली आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळवले. परंतु अपवादावर संसार उभा करू नये.

शेवटी, महाविद्यालय निवडताना केवळ इमारत पाहून परतू नका. प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास मिळतात, प्रयोग विद्यार्थी स्वतः करतात की नुसते पाहतात, हे तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. संशोधकाचे बहुतेक प्रयोग फसतात. फसलेला प्रयोग पुन्हा मांडताना ज्याला कंटाळा येत नाही, त्याने खुशाल या वाटेला लागावे.