जुनी आय-एट घेताना

'मिशन इम्पॉसिबल' मालिकेच्या 2011 सालच्या चित्रपटात टॉम क्रूझ मुंबईच्या गर्दीतून एक गाडी दामटतो. बुटकी, काचेच्या दारांची, परग्रहावरून उतरल्यासारखी. ती तेव्हा कुणालाही विकत मिळणार नव्हती. बीएमडब्ल्यूने 2009 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेला तो नमुना होता, तोही डिझेलवर चालणारा. असे नमुने सहसा प्रदर्शन संपलं की गोदामात जातात. हा गेला नाही. डिझेलच्या जागी पेट्रोल आलं आणि 2014 च्या जूनमध्ये जर्मनीतल्या पहिल्या गिऱ्हाइकांना आय-एटच्या किल्ल्या मिळाल्या. त्याच वर्षीच्या ऑटो एक्स्पोत सचिन तेंडुलकरने भारतात तिच्यावरचा पडदा बाजूला केला आणि 2015 मध्ये 2 कोटी 29 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला ती इथे विक्रीला आली. 2020 मध्ये उत्पादन थांबलं. जगभरात मिळून वीस हजारांहून थोड्याच जास्त गाड्या बनल्या.

आज या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. अमेरिकेत नवी असताना तिला सुमारे 1 लाख 36 हजार डॉलर पडत; आता तिथे सुरुवातीच्या वर्षांतली गाडी त्याच्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळते. ही उतरलेली किंमत बघून हौशी माणसाचा हात खिशाकडे जातो. जावाच. माझ्या मते ही या शतकातली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली स्पोर्ट्स कार आहे. पण तिची पारख नेहमीच्या पद्धतीने करता येत नाही. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावर हात फिरवतो, रनिंग विचारतो. आय-एटच्या बाबतीत या तिन्हींतून फार थोडं कळतं. आवाजाची भर तर स्पीकरमधून घातलेली असते. तिचं खरं वय दडलेलं असतं बॅटरीत आणि आधीच्या मालकाच्या सवयींत.

ही गाडी चालते कशी, ते आधी समजून घेऊ. मागच्या चाकांना दीड लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन फिरवतं. मिनी कूपरमध्ये असतं त्याच घराण्यातलं हे इंजिन. इथे मात्र त्यातून 231 अश्वशक्ती काढलेली आहे. पुढच्या चाकांना 131 अश्वशक्तीची विजेची मोटर फिरवते आणि तिला स्वतःचा दोन गिअरचा गिअरबॉक्स आहे. पुढचा आणि मागचा आस यांना जोडणारा दांडा गाडीत नाहीच. दोघांचा मेळ बसतो तो फक्त संगणकाच्या हिशेबातून. दोन्ही मिळून 362 अश्वशक्ती होते आणि गाडी 4.4 सेकंदांत ताशी 100 किलोमीटर गाठते. शहरात ठरवलं तर इंजिन न पेटवता नुसत्या विजेवर ताशी 120 पर्यंतही जाते.

हे सगळं पेलणारा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. त्याचे धागे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक इथे, जलविद्युतवर चालणाऱ्या कारखान्यात तयार होत. त्याचं कापड जर्मनीत वाकर्सडॉर्फला बने आणि गाडीची जुळणी लाइपझिगला होई. लाइपझिगच्या कारखान्याची मध्यवर्ती इमारत झाहा हदीद यांनी आखलेली आहे आणि त्याच्या आवारात चार पवनचक्क्या उभ्या आहेत. बॅटरी, मोटर आणि इंजिन असा सगळा बोजा घेऊनही गाडीचं वजन 1,485 किलो राहिलं, ते या सांगाड्यामुळे.

दार वर उघडलं की रुंद उंबऱ्यात हेच कार्बनचं विणकाम उघडं दिसतं. पारख तिथून सुरू करावी. उंबऱ्यावर बुटांचे ओरखडे असणारच, कारण तो ओलांडून आत उतरणं ही एक कसरतच आहे. ओरखड्यांची काळजी नको. चीर, टवका किंवा नंतर चढवलेला रंग दिसला तर मात्र तिथेच थांबावं. पत्र्याची ठोकलेली गाडी आपल्याकडचा डेंटिंगवाला हातोडीने सरळ करून देतो. कार्बन सरळ करता येत नाही. कंपनीने ठरवून दिलेल्या जागी तो कापावा लागतो आणि नवा भाग चिकटवावा लागतो. हे काम प्रशिक्षित वर्कशॉपचं आहे. बाहेरची कातडी बरीचशी प्लास्टिकची असल्यामुळे वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीचा सांगाडा आत दुखावलेला असू शकतो. अपघातात सांगाड्याला मार बसलेली आय-एट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बॅटरी. सुरुवातीच्या गाड्यांत ती 7.1 किलोवॉट-तासांची आहे आणि त्यातले जेमतेम 5.2 वापरायला मिळतात. सहा मॉड्यूल, प्रत्येकात 16 सेल, असे एकूण 96. युरोपीय चाचणीत ही गाडी विजेवर 37 किलोमीटर जायची; अमेरिकी चाचणीत 15 मैल, म्हणजे साधारण 24 किलोमीटर. दुसरा आकडा खरा धरावा. चर्चगेट ते अंधेरीएवढं हे अंतर आहे. विकणाऱ्याला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगावं आणि सकाळी इंजिन बंद ठेवून, शांतपणे, एसी बेताचा लावून, बॅटरी संपेपर्यंत चालवावी. वीसच्या आसपास किलोमीटर मिळाले तर बॅटरीने वय चांगलं पेललं आहे. दहा-बाराला इंजिन पेटलं तर कुठेतरी क्षमता गेली आहे. मग कंपनीच्या निदानयंत्रावर एकेका मॉड्यूलचा व्होल्टेज तपासून घ्यावा, कारण पुष्कळदा पूर्ण बॅटरी ठीक असते आणि एकच मॉड्यूल मागे पडलेलं असतं. बॅटरीची हमी बहुतेक देशांत आठ वर्षांची होती. पहिल्या गाड्यांची ती केव्हाच संपली आहे.

इथे सवयींचा मुद्दा येतो. ही गाडी अनेकांनी शोभेसाठी घेतली. महिनोन्‌महिने ती तळघरातल्या पार्किंगमध्ये झाकून उभी राहिली. अशा गाडीचं रनिंग कमी असतं आणि जाहिरातीत तेच ठळक छापलं जातं. बॅटरी रिकामी ठेवून उभं राहणं तिला मानवत नाही. बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसते, मग सगळी इलेक्ट्रॉनिक्स एकामागून एक तक्रारी दाखवू लागतात. 9 हजार किलोमीटर चाललेल्या आणि सदा झाकलेल्या गाडीपेक्षा 60 हजार चाललेली, रोज प्लगला लागणारी आणि दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी मी बेधडक निवडेन. घरी चार्जिंगचा पॉइंट होता का, हा प्रश्न मालकाला जरूर विचारावा. सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट लावू दिला नाही म्हणून कधीच चार्ज न केलेल्या प्लग-इन गाड्या शहरांत कमी नाहीत. अशा गाडीत इंजिनाने दुप्पट कष्ट केलेले असतात.

पेट्रोलच्या टाकीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि इथेच ही गाडी नवख्याला चकवते. साध्या गाडीत टाकीत साठलेली वाफ इंजिन ओढून जाळतं. आय-एट दिवसचे दिवस विजेवर चालू शकते, त्यामुळे तिची टाकी दाबाखाली बंद ठेवलेली असते. पंपावर गेल्यावर आधी आतलं बटण दाबायचं, दाब उतरेपर्यंत थांबायचं, पडद्यावर तयार असल्याची सूचना आली की मगच झाकण उघडतं. हे सगळं विकत घेण्याआधी पंपावर स्वतः करून बघावं. सूचना आलीच नाही तर दोष दाबमापक सेन्सरमध्ये किंवा खुद्द टाकीत असतो, आणि टाकीचं काम खर्चिक आहे. टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे, हेही विचारावं.

टायरसुद्धा वेगळे आहेत. वाऱ्याचा अडथळा कमी राहावा म्हणून 20 इंची चाकांवर पुढे अवघ्या 195 रुंदीचे टायर बसवले आहेत. हा आकार फार कमी कंपन्या बनवतात. गाडी ठरवण्याआधी आपल्या शहरात ते मिळतात का, किती दिवसांत मिळतात, याची चौकशी करावी.

नारिंगी केबलना कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हात लावू देऊ नये. त्यांतून साडेतीनशे व्होल्टची वीज वाहते. पुढचं बॉनेटही मालकाने उघडायचं नसतं. म्हणजे जवळचं अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे, तिथे उच्च दाबाच्या विजेवर काम करणारा प्रशिक्षित माणूस आहे का, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. नाशिक किंवा कोल्हापूरच्या माणसाने गाडी फ्लॅटबेडवर घालून मुंबई-पुण्याला नेण्याचा खर्च मनात धरूनच भाव करावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. एवढ्या महाग गाड्यांवरच्या एकरकमी करात राज्याराज्यांत मोठा फरक असल्यामुळे बऱ्याच गाड्या बाहेरच्या राज्यातल्या पासिंगच्या असतात. तशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर एनओसी आणि इथला कर हे दोन्ही भावात धरावेत. आरसीवर हायपोथेकेशन उतरलेलं आहे का, तेही पाहावं. विमा कंपनीला आधीच फोन करावा, कारण या वयाच्या गाडीला झीरो डेप मिळणं कठीण असतं.

निवडीला वाव असेल तर 2018 नंतरची गाडी शोधावी. तिची बॅटरी 11.6 किलोवॉट-तासांची आहे, मोटर 143 अश्वशक्तीची, आणि विजेवरचं अंतर ठळकपणे वाढलेलं. छत उघडणारी रोडस्टरही त्याच वर्षी आली, पण तिच्यात मागच्या सीट नाहीत. कूपेमधल्या त्या सीटवर मोठा माणूस बसू शकत नाही. शाळकरी मूल मात्र मजेत बसतं.

हा सगळा खटाटोप एका जुन्या गाडीसाठी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी आजच्या नव्या गाड्यांकडे बोट दाखवतो. फेरारी 296 जीटीबी आणि मॅकलारेन आर्टुरा या दोन्ही प्लग-इन हायब्रिड आहेत, आणि दोघींच्या बॅटऱ्या साडेसात किलोवॉट-तासांच्या आसपास आहेत. बीएमडब्ल्यूने 2014 मध्येच निवडलेल्या आकाराला त्या येऊन टेकल्या. त्यांची ताकद कितीतरी जास्त आहे. पण दीड लिटरच्या इंजिनावर, निमुळत्या टायरांवर आणि हलक्या सांगाड्यावर एवढी मजा देण्याचा हट्ट त्यानंतर कुणी धरलेला नाही, बीएमडब्ल्यूनेसुद्धा नाही. आय-एटची जागा घेणारी गाडी त्यांनी आजवर बाजारात आणलेली नाही, त्यामुळे ही हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागते.