‘नव्या संचात’ येणारं जुनं नाटक

रविवारी नाटकांच्या जाहिरातींवरून नजर फिरवली, की ‘नव्या संचात’ हे दोन शब्द कुठे ना कुठे सापडतातच. नाटकवाले त्याला ‘रिव्हायव्हल’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘पुनरुज्जीवन’ लिहितात. प्रत्यक्षात या नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात आणि तिसऱ्या कामाकडे आपण फार कमी लक्ष देतो.

पहिलं काम म्हणजे नट बदलणं. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागूंनी उभे केले; पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी ते साकारले. नाटक चालूच होतं, भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे गेली.

दुसरं काम म्हणजे बंद पडलेलं नाटक पुन्हा बसवणं. २०१० च्या सुमारास सुनील बर्वे यांनी ‘सुबक’तर्फे ‘हर्बेरियम’ हा उपक्रम केला. ‘सूर्याची पिल्ले’, ‘लहानपण देगा देवा’, ‘हमीदाबाईची कोठी’ अशी नाटकं मोजक्या पंचवीस प्रयोगांसाठी रंगमंचावर आली. संहिता जुनी, नट आजचे. पंचवीसच प्रयोग असल्यामुळे ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायची सोय राहिली नाही.

तिसरं काम सगळ्यांत अवघड, कारण तिथे नाटकासोबत ते करण्याची रीतही विस्मरणात गेलेली असते. संगीत नाटक हे त्याचं ठळक उदाहरण. किर्लोस्कर-देवलांच्या काळातलं नाटकाचं पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुष्कळदा ‘चाल’ म्हणून त्या वेळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याचा मुखडा. ते गाणंच आज कुणाला येत नसेल, तर त्या नोंदीतून सूर कसा निघणार? शिवाय पद किती फुलवायचं, आलापातून संवादावर परत कसं यायचं, नायिका गात असताना समोरच्या नटाने काय करायचं, यातलं काहीच छापलेलं नसतं. ते तालमीत, गुरूसमोर बसून, विंगेत उभं राहून शिकायचं असतं.

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने हे फार नेमकं दाखवून दिलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब असं हे नाटक १९६७ साली आलं. नाटकातल्या पंडितजींची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी यांतला फरक प्रेक्षकाच्या कानाला जाणवला नाही, तर कथेचा पायाच ढासळतो. मग तरुण गायक सदाशिव ओळख लपवून खाँसाहेबांच्या घरी राहतो, चोरून विद्या घेतो, त्यातली धग कळतच नाही. म्हणजे इथे नुसता गोड गळा पुरत नाही. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा बसवलं, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. दोघांच्याही गळ्यात ती परंपरा आधीच रुजलेली होती. २०१५ च्या चित्रपटाने हे संगीत घराघरांत नेलं, पण त्याची वाट या प्रयोगांनीच मोकळी केली होती.

जुनं नाटक जसंच्या तसं करणं शक्यही नसतं. ‘मानापमान’ १९११ मध्ये आलं, त्या काळात ‘वन्स मोअर’ घेत प्रयोग रात्र जागवत. आज नाट्यगृह ठरावीक तासांसाठी मिळतं. पदं कमी करावी लागतात, प्रवेश आवळावे लागतात. अशी काटछाट करायला माझी हरकत नाही. पण काय गाळलं तर नाटक लंगडं होईल, हे ठरवायला ते आतून ठाऊक असलेला माणूस तालमीत हवा.

हक्कांची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांना खुलं होतं. १९४८ मध्ये गेलेल्या, ‘मानापमान’ लिहिणाऱ्या खाडिलकरांची नाटकं आज कुणीही करू शकतो. संहिता कपाटात सुखरूप आहेत, उद्याही राहतील. जुने ऑर्गनवादक, तबलजी आणि नट मात्र तसे थांबणार नाहीत. म्हणून नाट्यसंस्थांनी शताब्दीची वाट पाहू नये. या मंडळींना सत्काराच्या खुर्चीत बसवण्याआधी तालमीच्या खोलीत बसवावं, समोर तरुण नट असावेत आणि ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित व्हावं. तेवढं झालं, तर पन्नास वर्षांनंतरही कुणाला ‘नव्या संचात’ ही जाहिरात खऱ्या अर्थाने देता येईल.