ज्ञानदूत आणि वाचलेली खेप

गरिबाला संगणक मिळाला की दरी बुजली, असे मला वाटत नाही. आपल्या इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. गावच्या 'सूचनालया'त स्थानिक तरुण अल्प शुल्कात मंडीचे भाव सांगे, खसऱ्याची नक्कल काढून देई. जातीच्या दाखल्याचा अर्ज तिथूनच जाई. दाखला तयार असल्याचा निरोप आला, की तहसील कचेरीत एकच खेप. मजुरी बुडवून जाणाऱ्याची एक खेप वाचणे मला त्याच वर्षी मिळालेल्या स्टॉकहोम चॅलेंज पुरस्काराहून मोलाचे वाटते. पुढे वीज जाई, टेलिफोन बंद पडे. तेही एक वेळ सोसवे. पण कचेरीतून उत्तरच आले नाही, तर सूचनालयातल्या तरुणाने समोरच्या माणसाला काय सांगावे?