एसीपी गेले तेव्हा...

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध शेवटचा लिहिला तो दहावीत, आणि तोही पाठ केलेला होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि मधेमधे डोकावणारं इंग्रजी वाचकांनी पोटात घालावं. विषयही तसा कॉलेजच्या मासिकात शोभणारा नाही. बाकीचे रोबोटिक्सवर लिहितात, रायगडाच्या ट्रेकवर लिहितात. मी लिहिणार आहे टीव्हीवरच्या एका माणसाच्या मरणावर. जो माणूस मुळात नव्हताच, त्याच्या मरणावर! आणि त्यावर मी रडले, म्हणून जास्तच.

गोष्ट एप्रिल २०२५ ची. मी सेकंड इयरला होते. सबमिशन डोक्यावर होतं. शनिवार-रविवारी रात्री दहाला आमच्या लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'सीआयडी' लागायचं. मांडीवर जर्नल, हातात पेन आणि एक डोळा टीव्हीवर अशा आम्ही सात-आठ जणी. दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत रात्रपाळीच्या मावशी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आणि त्या दिवसांत ते झालं. बॉम्बस्फोट झाला, एसीपी प्रद्युम्न गेले.

टीव्ही रूममध्ये आधी शांतता, मग हशा. कुणीतरी एसीपींसारखी बोटं फिरवत 'कुछ तो गड़बड़ है' म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. मीही बोटं फिरवली! मावशी मात्र पदराने डोळे पुसत होत्या, अगदी उघडपणे. एकजण म्हणाली, "अहो मावशी, सिरीयल आहे ती!"

मावशी म्हणाल्या, "शिरेल हाय ते मला बी कळतंय. शिकले न्हाई म्हणून येडी न्हाई मी. माझं लगीन झालं त्या साली सुरू झालं हे. तवापासून बघतेय त्या माणसाला."

कोणी काही बोललं नाही. मी वर गेले, बाथरूमचा नळ सोडला आणि पाच मिनिटं चांगली रडले. बाहेर आले तेव्हा रूममेटला सांगितलं, डोळ्यात साबण गेला.

हा लेख त्या साबणाबद्दल आहे असं समजा.

ज्यांना 'सीआयडी' म्हणजे नुसते मीम्स वाटतात त्यांच्यासाठी थोडी माहिती. बी. पी. सिंग यांची ही मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. वीस वर्षं, दीड हजाराहून जास्त भाग! माणसं तीच. एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम, दया म्हणजे दयानंद शेट्टी, अभिजीत म्हणजे आदित्य श्रीवास्तव. सहा वर्षं बंद राहून २१ डिसेंबर २०२४ ला ती पुन्हा सुरू झाली. पुढच्या एप्रिलमध्ये एसीपींना मारलं, आणि वाहिनीने चक्क श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, खऱ्या माणसाला वाहतात तशी. लोक भडकले. काहींना आधी वाटलं साटमच गेले की काय! ते तर ठणठणीत होते.

मग रडायचं कशासाठी? त्या रात्री मी स्वतःला हाच प्रश्न विचारत होते. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. मला कळतं की तो स्फोट म्हणजे थोडा धूर आणि बाकीचं एडिटिंग. तरीही घशात काहीतरी अडकलं होतं ते खरंच अडकलं होतं.

परीक्षा संपल्यावर मी यावर थोडं वाचलं. या प्रकाराला शास्त्रात नाव आहे आणि ते आपल्या आई-बाबांपेक्षाही जुनं आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात एक लेख लिहिला. रेडिओ, सिनेमा आणि तेव्हा नव्याने घरात शिरलेल्या टीव्हीमुळे प्रेक्षक आणि पडद्यावरचा माणूस यांच्यात एक नातं तयार होतं, त्याला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं. सोप्या मराठीत, एकतर्फी ओळख. तो माणूस ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आपल्या घरी येतो. त्याची बोलायची पद्धत, त्याच्या सवयी आपल्याला पाठ होतात. शेजारच्या काकूंबद्दल जेवढं माहीत नसतं तेवढं त्याच्याबद्दल माहीत असतं. फक्त त्याला आपण माहीत नसतो.

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हे एका वाक्यात कळेल: ही ओपन लूप सिस्टिम आहे. सिग्नल तिकडून इकडे येतो, फीडबॅक इकडून तिकडे जात नाही. पण गंमत अशी की आपल्या मनाला लूप ओपन आहे की क्लोज्ड हे नीट कळतच नाही. मन एवढंच बघतं, की हा चेहरा आपण किती वेळा पाहिला आणि तो येतो तेव्हा आपल्याला कसं वाटतं. ओळख म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मग अशी ओळख तुटली की काय होतं? जोनाथन कोहेन या इस्रायली संशोधकाने २००४ साली याचा अभ्यास छापला. त्याने ३८१ प्रौढ प्रेक्षकांना विचारलं, तुमचं आवडतं पात्र टीव्हीवरून कायमचं गेलं तर कसं वाटेल? ज्यांचं पात्राशी नातं जास्त घट्ट, त्यांना जास्त वाईट वाटणार हे तर उघडच आहे. पण आणखी एक गोष्ट दिसली. खऱ्या नात्यांत ज्यांना 'हा माणूस मला सोडून तर जाणार नाही ना' अशी धास्ती असते, त्यांनाच पात्र जाण्याचाही त्रास जास्त. म्हणजे खऱ्या माणसांसाठी एक मन आणि सिरीयलसाठी दुसरं, असं नसतं. मन एकच आहे.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. कारण मला आमचं घर आठवलं.

मी चौथी-पाचवीत असताना आई-बाबांचं फारसं पटत नव्हतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पण वीकेंडला रात्री दहा वाजले की बाबा टीव्ही लावायचे, आई ओटा आवरून येऊन बसायची आणि मी दोघांच्या मधे. खून कोणी केला यावर तिघांची पैज लागायची. आई बहुतेक वेळा जिंकायची. तो एक तास घरात फक्त एसीपींचा आवाज चढायचा, बाकी कुणाचा नाही. दयाने दार तोडलं की आम्ही तिघं एकदमच हसायचो. मी लहान होते, पण मला कळायचं की या माणसाच्या येण्याने काहीतरी ठीक होतं.

आता सांगा, त्या रात्री टीव्ही रूममध्ये माझं कोण गेलं?

माझ्या मते उत्तर असं आहे. पात्र खोटं असतं, पण त्याच्याभोवती आपण जे जगलेलो असतो ते खोटं नसतं. वार खरा, वेळ खरी, शेजारी बसलेली माणसं खरी. मावशींचं लग्न खरं. पात्र हे भिंतीतल्या खिळ्यासारखं असतं. खिळ्याची किंमत आठ आणे, पण त्याला टांगलेला फोटो आपल्या घरचा असतो. खिळा उपटला की आवाज फोटो पडल्याचा येतो.

मग दुसरा प्रश्न: मावशी उघडपणे रडल्या आणि मी नळ सोडून का रडले? यालाही शास्त्रात उत्तर सापडलं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या दुःखाबद्दल पुस्तक काढलं. त्याला आपण 'हक्क नसलेलं दुःख' म्हणू. पाळलेला कुत्रा मेला, घटस्फोट झालेला नवरा वारला, अशा वेळी माणसाला दुःख होतं पण समाज म्हणतो, तुला कसलं दुःख? सांत्वनाला कोणी येत नाही, सुट्टी मिळत नाही. ते दुःख कमी होत नाही, फक्त लपतं. सिरीयलमधल्या माणसाचं दुःख म्हणजे या रांगेतला शेवटचा नंबर. त्यात आपल्यासारख्या 'शिकलेल्या' मुलांना तर हसं होण्याची भीती सगळ्यात जास्त. आम्ही बोटं फिरवून हसलो तेव्हा आमच्यातल्या किती जणी आतून माझ्यासारख्याच होत्या, कोण जाणे!

आता या ओपन लूपची एक गंमत. कधीकधी प्रेक्षक इतका आरडाओरडा करतात की फीडबॅक पोचतो आणि लूप क्लोज होतो! आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरू झालेल्या या मालिकेत २००१ च्या सुरुवातीला मिहीर विराणीला मारलं. घराघरात रडारड झाली, लोकांनी पत्रं पाठवली, फोन केले. शेवटी मिहीर परत आला. तो मेलाच नव्हता म्हणे, स्मृती गेली होती! एसीपींचंही तेच झालं. काही आठवड्यांनी साटम मालिकेत परतले.

चाहते म्हणून आपण जिंकलो. पण मला पूर्वीसारखं वाटलं नाही. एकदा आपण मनापासून रडलो आणि नंतर कळलं की ती एक युक्ती होती, तर पुढच्या वेळी आपण आधीच सावध होतो. विश्वासाचंही बॅटरीसारखंच आहे, प्रत्येक खोट्या मरणाला थोडं चार्जिंग उतरतं.

आणि मग आठवतात फ्रेडी. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स म्हणजे दिनेश फडणीस, मालिकेतला सगळ्यात हसवणारा माणूस. ते ५ डिसेंबर २०२३ ला मुंबईत वारले. ती खरी बातमी होती. वर्षभराने मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा टीममध्ये फ्रेडी नव्हते. तिथे कितीही पोस्ट टाकल्या, कितीही हॅशटॅग चालवले तरी फीडबॅक कुठेही पोचत नाही.

असं खरं मरण पडद्यावर कसं सांगावं याचा धडा अमेरिकेतल्या लहान मुलांच्या एका कार्यक्रमाने घालून दिला आहे. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांना दुसरा नट घेता आला असता, किंवा हूपर दुसऱ्या गावाला राहायला गेले असं सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, आई-वडील घरी असतील अशा दिवशी त्यांनी तो भाग दाखवला. बिग बर्ड हा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि हूपरचं चित्र त्यांना द्यायला निघतो. मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले, आता ते परत येणार नाहीत. असं का, या त्याच्या प्रश्नाला कुणाकडेही उत्तर नसतं, आणि ते तसं मान्यही करतात. कोणी त्याला 'रडू नकोस' म्हणत नाही आणि 'वेडा आहेस का' असंही म्हणत नाही.

मला वाटतं, टीव्ही रूममध्ये आम्हाला एवढंच जमायला हवं होतं.

राहिली एक गोष्ट. त्या रात्री अकराच्या पुढे मोबाईल वाजला. बाबांचा फोन. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, आईच्या फोनवर मागून 'तिला पैसे हवेत का विचार' एवढंच म्हणतात. म्हणाले, "बघितलंस का गं?" मी म्हटलं, "हो." मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मागून आईचा आवाज आला, "तिला सांगा, मला आधीच माहीत होतं याला मारणार ते."

पैज अजून तीच जिंकते.

एसीपी परत आले त्या आठवड्यात मी मावशींना विचारलं, "मावशी, झालं ना समाधान?" मावशी वैतागूनच म्हणाल्या, "कसलं समाधान? फुकट रडवलं मेल्यांनी!" आणि दहाला पाच कमी असताना खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसल्या. मी जर्नल खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

यापुढे नळ सोडणार नाही म्हणते. हॉस्टेलमध्ये पाणी आधीच कमी असतं!